रोनेलच्या खांद्यातले सहा किलोमीटर

रोनेल गिटन्सच्या चेंडूचा वेग ताशी एकोणनव्वद किलोमीटर भरला, तेव्हा तिचे वडील क्लेअरमाँट गिटन्स मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत बसून भाजलेलं कणीस खात होते. हवे होते पंच्याण्णव. बार्बाडोसच्या सोळा वर्षांखालच्या मुलींच्या शिबिरासाठी वेगवान गोलंदाजांची निवड सहा आठवड्यांनी ब्रिजटाउनला व्हायची होती आणि तिची अट एका ओळीची होती. तीन चेंडू टाकायचे, त्यांतला एक तरी पंच्याण्णवचा पडला पाहिजे. न पडल्यास पुढच्या वर्षी यावे. पण पुढच्या वर्षी रोनेलला सोळा पूर्ण होणार होती, त्यामुळे तिच्यापुरतं पुढचं वर्ष नव्हतंच.

"पाय चांगले आहेत, धावतेसही छान," प्रशिक्षक मिस ड्रेक्स वेग मोजायचं यंत्र पिशवीत ठेवत म्हणाल्या. "वरचं अंग कमी पडतंय. खांदे, छाती, पाठ. सहा आठवडे जोर लाव."

रोनेलने मान हलवली. प्रकरण इथे मिटायला हवं होतं. पण गिटन्स कणीस हातात घेऊनच उठले.

"कशाचे किती?"

"काय किती?"

"सहा किलोमीटर कमी आहेत ना? त्यांतले खांद्याकडून किती यायचे आणि पाठीकडून किती?"

मिस ड्रेक्सना बावीस वर्षांत रडणारे बाप भेटले होते, ओरडणारे भेटले होते, निवडीच्या आदल्या दिवशी ताजे मासे घेऊन येणारेही भेटले होते. फोड करून मागणारा हा पहिलाच.

"ते मला नाही सांगता येणार, मिस्टर गिटन्स. खरं म्हणजे कुणालाच नीट माहीत नाही."

असं त्यांनी म्हणायला नको होतं. गिटन्स जमिनीच्या नोंदणी खात्यात वरिष्ठ कारकून होते. आजोबांनी दिलेल्या शब्दावर घर बांधून बसलेली माणसं त्यांनी रोज पाहिली होती आणि मूळ कागद बघितल्याशिवाय कुठल्याही कुंपणावर विश्वास ठेवायचा नाही, हे ते शिकले होते. कुणालाच माहीत नसलेली गोष्ट म्हणजे त्यांच्या लेखी मोजणी न झालेला तुकडा. तो तसा पडून राहणं त्यांना सहन होईना.

त्यांनी चार दिवस वाचन केलं. तरुण गोलंदाजांवर कुणी कुणी केलेले प्रयोग त्यांना सापडले. जड चेंडू छातीपासून फेकायचा, डोक्यावरून फेकायचा, दोरीला लटकून अंग वर खेचायचं. काहींचा वेग वाढला होता, काहींचा नव्हता, आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी अधिक अभ्यासाची गरज आहे असं लिहिलेलं होतं. गिटन्स यांना ते आमंत्रण वाटलं.

"प्रयोग करायचा तर एक माणूस मेहनत घेणारा लागतो आणि एक न घेणारा," त्यांनी रविवारी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. "म्हणजे वेग वाढला तर तो मेहनतीने वाढला, की हवेने, की जेवणाने, हे कळतं. दोघांचं घर एक हवं, खाणं एक हवं, रक्त एक असेल तर उत्तमच."

बायकोने, मार्व्हाने, चीज घालून भट्टीत भाजलेली मॅकरोनी वाढता वाढता हात थांबवला. "क्लेअरमाँट, तू स्वतःबद्दल बोलतोयस का?"

"मी काही करणार नाही. न करणारा मीच."

"तू सेहेचाळीस वर्षांचा आहेस. वजन एकशे चार किलो आहे."

"एकशे तीन. आणि त्याचा संबंध नाही. वेगाची तुलना नाही करायची, वाढीची करायची. तिचा वेग वाढेल, माझा जागच्या जागी राहील."

"त्याबद्दल मला शंका नाही," मार्व्हा म्हणाली आणि मॅकरोनीचा मोठा तुकडा त्यांच्या ताटात वाढला.

रोनेल टेबलाखाली मोबाइल बघत होती. "डॅडी, तुम्ही माझ्या मैत्रिणींसमोर बोलिंग टाकणार?"

"दर दोन आठवड्यांनी. फक्त तीन चेंडू."

दुसऱ्याच दिवशी सरावाच्या वेळी त्यांनी ते टाकले. ऑफिसचे बूट घालून नऊ पावलं धावले आणि पहिला चेंडू दोन टप्पे घेत यष्टिरक्षक मुलीपर्यंत पोचला. तिने तो वाकून उचलला, आजोबांची पडलेली टोपी उचलावी तसा. यंत्राने एकसष्ट दाखवले. मैदानावरचा सराव थांबला होता. पलीकडे शेळी बांधायला आलेला माणूसही दोरी हातात धरून उभा राहिला होता. गिटन्स यांनी वहीत ६१ लिहिलं, तारीख घातली, आणि न करणाऱ्याकडून एवढीच अपेक्षा असते, असं त्या माणसाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले.

जड चेंडूची मागणी त्यांनी आधीच कॅनडातल्या एका दुकानाकडे नोंदवली होती. वजन चार किलो. तो चार दिवसांत बंदरावर आला आणि तिथेच राहिला.

"आत काय आहे?" खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने विचारलं.

"वाळू."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "म्हणजे माती."

"वाळू."

"परदेशी माती बेटावर आणायची तर शेती खात्याचा दाखला लागतो. तिच्यात किडे असतात, अंडी असतात. वाळूचा मूळ देश कुठला?"

"चेंडू कॅनडाचा आहे."

"चेंडूचं नाही विचारलं, साहेब. वाळूचं विचारलं."

प्रश्न रास्त होता. स्वतः गिटन्स यांनी असाच विचारला असता, हे त्यांना मनातल्या मनात कबूल करावं लागलं. तरी ते म्हणाले, "अहो, या बेटाच्या चारी बाजूंना वाळू आहे."

"ती आपली आहे," अधिकारी म्हणाला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

शेती खात्याचा अर्ज तीन पानांचा होता. त्यात 'पेरणीचा उद्देश' असा रकाना होता. गिटन्स यांनी बराच विचार करून 'ताशी सहा किलोमीटर' असं लिहिलं. अर्ज परत आला.

पहिला आठवडा असाच गेला. आता पाच राहिले. डावीकडचे शेजारी ऑटली ब्लॅकेट कुंपणावर कोपर टेकून म्हणाले, "शेजारी, चेंडूवाचून अडलंय का? आम्हाला कुणी दिला होता चेंडू?" ब्लॅकेट एकाहत्तर वर्षांचे होते. तरुणपणी सेंट जॉर्ज परगण्याकडून गोलंदाजीची सुरुवात करायचे. "आम्ही ऊस तोडला. सकाळी सहा ते दुपारी दोन. मग मैदानावर जाऊन दीडशेने टाकायचो."

"दीडशे? मोजले कुणी?" गिटन्स यांनी वही काढली.

"फलंदाजांनी."

"ऊस म्हणे तोडला," उजवीकडच्या कुंपणावरून मिस आयँथी स्कीट यांचा आवाज आला. गिटन्स यांचं घर या दोघांच्या मधोमध होतं, त्यामुळे त्यांना एकच सल्ला कधी मिळत नसे. "ऑटली, तू कारखान्यात वजनकाट्यावर बसायचास. उसाच्या सावलीत तुझं आयुष्य गेलं. क्लेअरमाँट, खांदा बघायचाय? हा बघ." त्यांनी बाही वर केली. मिस आयँथी चर्चच्या स्वयंपाकाच्या प्रमुख होत्या आणि चाळीस वर्षं दर शुक्रवारी साठ ताटांची कूकू घोटत आल्या होत्या. मक्याचं पीठ भेंडीच्या पाण्यात चपट्या लाकडी काठीने अखंड घोटायचं. हात थांबला की गुठळी झाली, आणि गुठळीची कूकू वाढणाऱ्या बाईचं नाव सेंट जॉर्जमध्ये दोन पिढ्या लक्षात ठेवतात. "पाठव मुलीला माझ्याकडे. आणि फेकायला काहीतरी जड हवं, तर तुझ्या डोक्यावर काय लटकतंय ते बघ."

गिटन्स यांनी वर पाहिलं. परसातला नीरफणस फळांनी वाकला होता.

त्यांनी बारा फळं उतरवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक तोललं. सर्वांत मोठं तीन किलो चारशे ग्रॅम भरलं. प्रयोगासाठी वजन एकसारखं हवं म्हणून त्यांनी दोन-दोन फळं जाळीच्या पिशवीत बांधून पाहिली, पण पिशवी फेकताना फळं हवेत वेगवेगळ्या दिशांना जायला बघत. शेवटी एकेक मोठं फळ छातीशी धरून पत्र्याच्या कुंपणावर फेकायचं, पंधरा वेळा, असं ठरलं.

कच्च्या नीरफणसाला चीक असतो, हे बेटावरचं प्रत्येक मूल जाणतं. गिटन्सही जाणत होते, पण विज्ञानाच्या भरात त्यांनी ते बाजूला ठेवलं होतं. चौथ्या फेकीला रोनेलच्या शाळेच्या ब्लाउजवर पुढून पांढरा पट्टा उठला. सातव्या फेकीला फळ तिच्या हातातून सुटेना.

"डॅडी, हे मला चिकटलंय."

"जोर लाव, सुटेल."

सुटलं. कुंपणाच्या वरून गेलं. पलीकडून ब्लॅकेट यांचा आवाज आला, तो क्रिकेटच्या भाषेतला नव्हता.

तेव्हापासून कामाची वाटणी झाली. गिटन्स यांनी फळ उचलायचं, खोबरेल लावलेल्या फडक्याने चीक पुसायचा आणि रोनेलकडे फेकायचं. रोनेलने झेलून कुंपणावर फेकायचं. ते परत आलं की गिटन्स यांनी पुन्हा उचलायचं. पंधरा फेका झाल्या की रोनेल गृहपाठाला जाई आणि गिटन्स विखुरलेली फळं पोत्यात भरून, पोतं खांद्यावर टाकून परसाच्या टोकापर्यंत नेत. हा व्यायाम नाही, ही व्यवस्था आहे, असं त्यांनी वहीत स्पष्ट नोंदवलं होतं.

शुक्रवारी चर्चच्या स्वयंपाकघरात कूकू. रोनेल पहिल्या दिवशी मिस आयँथींच्या पातेल्यासमोर अकरा मिनिटं टिकली. मग काठी तिच्या हातात उभी राहिली.

"थांबू नकोस गं पोरी! गुठळी होतेय, गुठळी!"

"हात वर जात नाहीये, मिस आयँथी."

तिला सोडायला आलेल्या गिटन्स यांना ते पाहून राहवलं नाही. साठ माणसं बाहेर ताटं घेऊन उभी होती. त्यांनी बाह्या सारल्या आणि काठी घेतली. "तू दम खा. एवढी गुठळी मोडतो, मग तू घे." गुठळी मोडली तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती. मिस आयँथींनी चमच्याने चव पाहिली आणि चर्चच्या इतिहासात प्रथमच एका पुरुषाला म्हणाल्या, "बरी झालीय." त्या वाक्याने माणसाचं काय होतं, हे गिटन्स यांना ठाऊक नव्हतं. पुढच्या शुक्रवारी ते स्वतःचा एप्रन घेऊन गेले.

सहापैकी चार आठवडे संपले. मधल्या मोजणीला पाऊस लागला होता, म्हणून सगळं या शनिवारवर होतं. रोनेलने तीन चेंडू टाकले. सर्वांत वेगवान भरला एक्याण्णव.

मग गिटन्स आले. नऊ पावलं धावले. चेंडू एकच टप्पा घेऊन यष्टिरक्षक मुलीच्या हातमोज्यात चपकन बसला आणि ती मागे सरकली. मिस ड्रेक्स यांनी यंत्र झटकलं, पुन्हा पाहिलं.

"त्र्याहत्तर."

मैदानावर टाळ्या पडल्या. गिटन्स यांनी हात वर केला आणि अर्ध्यातच खाली घेतला, कारण त्यांना रोनेल दिसली.

"दोन," ती म्हणाली. "माझे दोन वाढले. आणि न करणाऱ्याचे बारा."

"अगं, हेच तर विलक्षण आहे. म्हणजे वय आड येत नाही. म्हणजे झेलण्याचा भाग फेकण्यापेक्षा जास्त..."

"डॅडी, तुम्ही माझे आठवडे खाल्लेत!" तिचा आवाज चिरकला. "मी पंधरा वेळा फेकायची, तुम्ही दोनशे वेळा उचलायचात. मी दमले की काठी तुम्ही घ्यायचात. मला दमू कुठे दिलंत तुम्ही? शिबिर माझं होतं."

आणि ती कमरेवर हात ठेवून पाठमोरी झाली. गोलंदाज रडतात तेव्हा पाठमोरे होतात आणि जणू क्षेत्ररचना बघताहेत असं दाखवतात, ते गिटन्स यांना माहीत होतं. त्यांच्या वहीत याला जागा नव्हती.

घरी मार्व्हाने निकाल दिला. ती शाळेत उपमुख्याध्यापिका होती आणि निकाल उभ्याने द्यायची. "क्लेअरमाँट गिटन्स, आजपासून तू नीरफणसाला हात लावायचा नाहीस. काठीला हात लावायचा नाहीस. पोरगी दमली तर बघत बसायचं. बघवलं नाही तर आत जायचं."

"पण नोंदी..."

"लांबून करायच्या."

दोन आठवडे उरले होते. सोमवारी बंदरावरून निरोप आला की चेंडू सुटला. गिटन्स ऑफिसातून अर्धी रजा टाकून गेले. अधिकाऱ्याने त्यांच्यासमोर एक रिकामं, सपाट कातडं ठेवलं, आणि त्यावर चार शिक्क्यांचा कागद.

"वाळू नष्ट केली," तो समाधानाने म्हणाला. "चेंडू पूर्ण निर्धोक आहे."

किनाऱ्यावरची वाळू भरावी तर ती उचलायला वेगळा परवाना. गिटन्स यांनी त्या परवान्याचा अर्ज मागायला तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा न मागता मिटलं. येताना त्यांनी बाजारातून चार किलो सुकी तूर घेतली. मार्व्हाने ती कातड्यात भरून दाभणाने तोंड शिवलं. चेंडू फेकला की छान सळसळे.

ते दोन आठवडे रोनेलने एकटीने काढले. भिंतीवर फेक, उचल, पुन्हा फेक. ब्लॅकेट कुंपणावरून मोजायचे आणि तीस झाल्यावर अठ्ठावीस म्हणायचे. "वजनकाट्यावर पण असंच करायचास," मिस आयँथी पलीकडून म्हणायच्या. शुक्रवारी रोनेलने काठी धरली ती अठ्ठेचाळीस मिनिटं सोडली नाही. गुठळी झाली, तिनेच मोडली. शेवटी तिच्या दंडाची थरथर दारातून दिसत होती. गिटन्स दारात उभे होते. त्यांचे हात आपोआप पुढे होत होते, म्हणून ते त्यांनी पँटच्या खिशात घातले, आणि मग बाहेर गेले.

निवडीच्या सकाळी ब्रिजटाउनच्या मैदानावर एकवीस मुली होत्या. पालकांनी पॅव्हेलियनमध्ये बसावं, अशी सूचना भोंग्यावरून तीनदा झाली. गिटन्स पहिली वीस मिनिटं बसले. पण वेगाचं यंत्र पलीकडच्या जाळीमागे होतं, त्याचा आकडा पॅव्हेलियनमधून दिसत नव्हता, आणि सहा आठवडे ज्या आकड्यासाठी घातले, तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा, हे त्यांना पटेना.

"क्लेअरमाँट, बस," मार्व्हा म्हणाली.

"पाणी पिऊन येतो."

फलंदाज नव्हताच. तीन यष्ट्या, मागे यष्टिरक्षक, तिच्यामागे जाळी, जाळीमागे तिवईवर यंत्र आणि मिस ड्रेक्स. रोनेल आपल्या खुणेवर उभी राहिली.

पहिला चेंडू त्र्याण्णव.

दुसऱ्याला तिने ओठ दाबून धाव घेतली. चौऱ्याण्णव. मिस ड्रेक्स यांनी आकडा सांगितला तेव्हा रोनेल जागच्या जागी वाकली आणि गुडघ्यांवर हात ठेवून काही क्षण तशीच राहिली. एक किलोमीटर. आणि एक चेंडू.

ती सरळ झाली तेव्हा जाळीमागे, यंत्राच्या अगदी शेजारी, पिवळ्या शर्टात गिटन्स येऊन उभे राहिलेले तिला दिसले. त्यांनी मान वाकडी करून आकड्याची पाटी वाचायला सुरुवात केली होती. मग तिच्याकडे बघून त्यांनी मदत म्हणून स्वतःचा उजवा हात खांद्यातून गोल फिरवला. दोनदा.

"मिस्टर गिटन्स, इथून हला," मिस ड्रेक्स दातांमधून म्हणाल्या.

"हो हो. फक्त हा एक."

रोनेल चालत आपल्या खुणेवर गेली. वळली. खुणेच्या आणखी दोन पावलं मागे गेली. मग धावली, आणि तिच्या धावण्यात जे होतं ते मिस ड्रेक्स यांनी सहा आठवड्यांपूर्वी वर्णन केलेल्या कुठल्याच स्नायूत बसत नव्हतं. चेंडू टप्पा पडून उसळला, यष्टिरक्षक मुलीच्या डोक्यावरून गेला आणि जाळीवर आदळला, तशी जाळी गिटन्स यांच्या नाकापर्यंत फुगून आली. ते दोन पावलं मागे जाऊन तिवईच्या पायाला अडखळले आणि खाली बसले.

मिस ड्रेक्स यांनी एका हाताने यंत्र सावरलं आणि पाटी वाचली. मग पुन्हा वाचली.

"सत्त्याण्णव."

पॅव्हेलियनमध्ये मार्व्हा उभी राहिलेली दिसली. रोनेल धावत जाळीपर्यंत आली, धापा टाकत. मिस ड्रेक्स यांनी यादीवर तिच्या नावापुढे खूण केली आणि विचारलं, "काय केलंस गं तू? एकदम तीन? हात वेगळा होता का? खांदा लवकर उघडलास?"

"नाही, मिस." रोनेलने जाळीतून खाली बघितलं. गिटन्स गवतावर बसून शर्टाला लागलेली माती झटकत होते. "डॅडींवर नेम धरला."

मिस ड्रेक्स यांनी तोंड दुसरीकडे वळवलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

गिटन्स यांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग जाळीत अजून अडकून राहिलेल्या चेंडूकडे, आणि मग चेंडूपासून स्वतःपर्यंतचं अंतर नजरेनेच मोजलं. त्यांच्या चेहऱ्यावर अपमान यायला हवा होता. तो येऊन गेलाही असेल, पण मागून आलेल्या कुतूहलाने त्याला बाजूला सारलं.

"रोनेल," ते बसल्या जागेवरून म्हणाले, "नेमका कुठे? डोक्यावर की पोटावर?"